मनगट मोडलं, आता खुबा सांभाळा

प्रश्न : आई ६४ वर्षांची. मोरीत पाय घसरून हातावर पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर आता निघालंय. सकाळी थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी ती एकदमच चहाबरोबर घेते, कपभर दूधही पिते. आणखी काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : प्लास्टर निघालं म्हणजे विषय संपला असं कृपया धरू नका, पुढच्या वेळी पडलं तर खुबा मोडू शकतो. उभ्या उभ्या पडून मनगट मोडतं तेव्हा हाड ठिसूळ झाल्याचा संशय घ्यायलाच हवा. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आकडा थोडा बरा आला तरी हाड मोडलेलं आहे, त्यामुळे औषधाबद्दल डॉक्टरांना विचाराच.

गोळ्यांच्या वेळा मात्र आजच बदला. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियमची गोळी कार्बोनेटची असेल तर तिला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती दुपारच्या जेवणाबरोबर. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितलेली असताना चुकून रोज घेतली जाते. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. पाकिटावर वार लिहून ठेवा.

या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. २०० मिली दुधातून साधारण २४०, पन्नास ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १७०च्या आसपास. वाटीभर दही आणि न सोललेल्या तिळाची चटणी रोज ठेवा. उरलेली तूट गोळीनं भरा. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

मोरीत तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीकडे जातो आणि ती भिंतीतून उपटून येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बोल्ट मारलेले स्टीलचे दांडे बसवा. दाराशी सरकणारं पायपुसणं काढा, रात्री एक छोटा दिवा चालू राहू द्या. अंथरुणातून उठल्यावर मिनिटभर कडेवर बसून मगच उभं राहायचं.

नुसतं चालणं पुरत नाही. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, खुर्चीतून हात न टेकता उठणं १० वेळा, एका पायावर १० सेकंद. जवळ कुणीतरी असावं. मणक्यांची तपासणी होईपर्यंत कमरेतून पुढे वाकणं, म्हणजे सूर्यनमस्कार आणि भरलेली बादली उचलणं, बंद. ठिसूळ मणका तेवढ्यानंही दबतो.

प्रश्न : सकाळचं कोवळं ऊन पुरतं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. डी जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या वेळी फार कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं, हात-पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं. एप्रिल-मेमध्ये दहाच्या सुमारास उरकावं. बंद काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते.