पाऊस लागला की प्रार्थनेतही मन लागत नाही

*सांगलीत नदीकडच्या सखल भागात आमचं घर आहे. २०१९ ला पाणी छातीपर्यंत आलं होतं, तेव्हा शेजारणीने वरच्या मजल्यावर आसरा दिला. आता जुलै लागला की मी रात्रभर मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघत बसते. चर्चच्या महिला सभेत एक बाई म्हणाल्या, उपकारस्तुती करा, देवाचे आभार माना, भीती म्हणजे अविश्वास. माझा विश्वास खरंच कमी पडतोय का? – एक भगिनी*

ताई, जय ख्रिस्त.

नाही. घरात एकदा पाणी शिरलं की पावसाच्या आवाजाने झोप उडणारच. त्या बाई बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहत असाव्यात.

'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे वचन तुम्हाला ऐकवलं गेलंच असेल. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. प्रेषित पौलाने ते बेड्यांत असताना लिहिलं, हे खरं. पण त्याच पत्राचा दुसरा अध्यायही काढून वाचा. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला पाठवलेला एपफ्रदीत आजारात मरता मरता वाचलेला. त्याला घरी धाडताना पौल त्या मंडळीला लिहितो की तो तुम्हाला भेटला म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. म्हणजे पौलालाही घोर होता. तो त्याने लपवला नाही, आणि नुसती प्रार्थना करून गप्पही बसला नाही. माणसाला घरी लावून दिलं.

तेव्हा प्रार्थनेला बसलात की आधी गाऱ्हाणं सांगा. तेराव्या स्तोत्रात दावीद 'कोठवर?' असंच विचारत सुटतो, गाण्यावर येतो तो अगदी शेवटी. तुम्हीही तुमच्या बोलीत सांगा: देवा, पाणी वाढतंय, सासूबाईंना जिना चढवत नाही, मला भीती वाटते. मग आभार. पुराबद्दल आभार माना असं मी सांगणार नाही, मलाही ते जमायचं नाही. पण त्या शेजारणीचं नाव घेऊन माना. आणि जमलं तर उद्या तिला डबाभर काहीतरी नेऊन द्या. उपकारस्तुती तशीही होते.

आता पातळीचं. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. कोयना धरणातून विसर्ग वाढला तरी पाणी लगेच सांगलीत पोचत नाही. रात्री झोपताना एकदा बघा, मग मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या; पाणी चढलं तर त्याने उठवायचं. रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, सासूबाईंच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांना कुणाकडे न्यायचं ते पावसाआधीच ठरलेलं असू दे. हे केल्याने विश्वास उणा होत नाही.

सभेत साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सांगायची वेळ आली तर 'मला भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढंच म्हणा. तुमच्यासारख्या आणखी दोघीतिघी तिथे निघतील.

आणि पाऊस सरल्यावरही झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बीपीची गोळी घेताना आपल्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही, मग इथे कशाला संकोच?