जुन्या पिकअपमध्ये क्लीनरच्या पायाशी पाणी साचतं, गळती कुठून आहे ते कसं शोधायचं?

भाऊ, काचेच्या रबराला दोनदा सिलिकॉन मारूनही पाणी येतंच म्हणता, तर ती ट्यूब आधी लांब ठेवा. पाणी दिसतं तिथूनच आत शिरतं असं नाही. पत्र्याच्या जोडावरून, वायरींच्या जुडग्यावरून ते सरकत येतं आणि खोलगट जागा सापडली की टपकतं.

माझी गाडी सावदा-रावेरकडे केळीच्या भाड्याला असते. मागच्या पावसाळ्यात माझीही हीच रड होती. मजा अशी, की भर पावसात चालवली तरी आत कोरडी, आणि रात्री अंगणात उभी केली की सकाळी मॅटखाली पाणी. उतारावर निंबाखाली लावायचो. त्यातच सगळं आलं होतं, पण डोक्यात प्रकाश पडायला महिना गेला.

आधी पाणी कसलं आहे ते बघा. बोटाला चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. पाऊस नसताना, फक्त एसी लावल्यावर ओल येत असेल तर एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदलीय.

पावसाचंच असेल तर मॅट काढा, पत्रा फडक्याने कोरडा करा आणि खडूची पूड भुरभुरा. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर साधा पाइप घेऊन. वॉशिंगवाल्याची गन नको, तिचा जोर चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो. पाणी खालून वर मारत जा, एका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पुडीत पहिली ओली रेघ उठली की तिच्या मागे वर जा.

आम्ही वायपरखालच्या जाळीवर पाइप धरला आणि मिनिटभरात रेघ आली. जाळी उचलली तर खाली निंबाचा पाला आणि केळीची वाळकी पत्ती कुजून खतासारखी बसलेली, मूठभर नाही, अर्धी बादली! निचऱ्याचं भोक बंद, म्हणून पाणी तुंबून हवेच्या वाटेने केबिनमध्ये उतरत होतं. साफ केलं, तरी थोडी ओल राहिलीच. दुसरी गळती होती. हॉर्नची वायर ओढताना वायरमनने इंजिनकडच्या पत्र्याला भोक पाडलं होतं, आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरीभोवती भोक बुजवणारी रबरी कडी, मात्र घातलंच नव्हतं. पाच-दहा रुपयांची वस्तू!

दरवाजेही बघा. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यात दगडासारखा बसतो, तारेने टोकरून काढा. दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर मेलं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात ते टिकतं तरी किती?

टपावर कॅरिअर असेल तर त्याचे बोल्टही तपासा. आणि मॅट लगेच टाकू नका. खालचा फोम पिळून दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर गळती थांबूनही पत्रा सडत राहील.