राधिकेनं घर सोडायला पाहिजे होतं का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकेवरून आमच्या गावात अजून भांडणं होतात. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून या महिन्यात बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली अन् मार्च २०२१ मध्ये संपली. राधिका आपल्या नागपूरकडची, साधी, वऱ्हाडी बोलणारी. नवरा गुरुनाथ कंपनीत मोठ्या पगारावर, त्याला बायकोची लाज वाटते आणि शनाया नावाच्या पोरीशी त्याचं चालू असतं. पुढे राधिका मसाल्याचा धंदा उभा करते, नवऱ्यापासून वेगळी होते, बालमित्र सौमित्रशी लग्न करते. आता पत्रं.

दर्यापूर तालुक्यातून एक काकू लिहितात:
ताई नमस्कार. आमच्या घरी सून अन् मी ते सिरीयल मोबाईलवर पुन्हा पहिल्यापासून पाहून राह्यलो. सून म्हणते मी असती तर पहिल्याच दिवशी बॅग भरून निघाली असती. म्या म्हणलं, घर काय असं सोडता येते काय, लेकरू आहे पदरात, माहेर दूर, जाईन कुठी? तर म्हणे तुमच्या अशा विचारानंच बायका मरतात. दोन दिवस झाले, ते माझ्याशी धड बोलून नाही राह्यली. आता तुम्हीच सांगा कोण बरोबर.

काकू, तुमचं पत्र वाचून मले आमच्या शेतातली गोष्ट आठवली. कापूस वेचणीला सात-आठ जणी होत्या, ओट्या बांधलेल्या, एकेक तास धरून चालल्या होत्या अन् बोलणं हेच, राधिका. एक जण म्हणे अशा नवऱ्याले घराबाहेर काढायला पाहिजे होतं, दुसरी म्हणे तिचे सासू-सासरे तिच्या बाजूनं होते म्हणून जमलं तिले. आणि त्यांच्यात एक बाई होती, नाव नाही लिहीत, ती एरवी सगळ्यात जास्त बोलते पण त्या दिवशी गप्प होती, ओटीत हात तसाच ठेवून उभी राहिली अन् म्हणाली, "माया सासूनं एक शब्द जरी म्हणला असता ना त्याले, तं मी परत आली नसती माहेराहून, तिथंच ताठ राह्यली असती." मग सगळ्या पुन्हा वेचायला लागल्या, धुऱ्यावर भाकर खायला बसलो तेव्हाही तो विषय कोणी काढला नाही. मी मात्र ते वाक्य विसरू शकले नाही.

राधिकेजवळ काय काय होतं ते मोजून पाहा. सासू-सासरे तिच्या बाजूनं, स्वतःच्या पोराच्या विरुद्ध. शेजारपाजार तिच्यासोबत. आणि हातात मसाल्याचं कसब. एवढं असल्यावर बाई थांबली तरी उभी राहते आणि निघाली तरी उभी राहते. आपल्याकडे यातलं एकही नसताना बाईला "निघ" म्हणणं सोपं आहे आणि "राहा" म्हणणं त्याहून सोपं आहे. म्हणून राधिका थांबली हे चुकलं असं मी नाही म्हणणार, पण तुमची सून म्हणते तेही खोटं नाही, थांबण्याचं कारण निव्वळ "जाईन कुठी" हे असेल तर ते थांबणं नव्हे, अडकणं आहे.

आणि एक गोष्ट दोघींना माहीत असलेली बरी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे बायको ज्या घरात नांदली तिथं राहायचा तिला हक्क आहे, घर कोणाच्या का नावावर असेना. घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे नवऱ्यानं "चाल निघ" म्हटलं की निघायलाच पाहिजे असं काही नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. आणि १८१ हा महिलांचा हेल्पलाईन नंबर आहे, तो घरातल्या प्रत्येक बाईला पाठ असावा.

आता तुमचं भांडण. काकू, सून तुम्हाला राधिकेबद्दल विचारूनच नाही राह्यली. ती विचारते आहे की उद्या माझ्यावर अशी वेळ आली तर तुम्ही कोणाच्या बाजूनं राहाल, आणि तुम्ही उत्तर दिलं "घर सोडता येते काय". तिला त्यातून ऐकू आलं की तुम्ही पोराच्या बाजूनं. तसं नसेल, आणि तुमच्या पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही, तर आज संध्याकाळी चहा ठेवताना तिला सरळ सांगा की माह्या पोरानं असं केलं तर मी त्याले उंबऱ्यात उभं करणार नाही. एवढं बोला. राधिकेचं काय ते नंतर पाहू.

पुसदकडून एक वाचक: राधिका पहिलेच पोलिसात का नाही गेली? दोघायले आत टाकता आलं असतं.

नसतं आलं, भाऊ. व्यभिचाराचं जे जुनं ४९७ कलम होतं ते दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला लागायचं. शनायाचं लग्न झालेलं नव्हतं, मग त्यात गुरुनाथ बसतच नव्हता. शिवाय मालिका चालू असतानाच, २७ सप्टेंबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टानं ते कलमच रद्द केलं. पण घटस्फोटासाठी हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही चालतं, आणि खावटी म्हणजे पोटगीही मागता येते. अन् पहिली बायको असताना, घटस्फोट न घेता, दुसरं लग्न लावलं तर मात्र तो गुन्हाच आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आर्णी तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरी करणारा एक तरुण:
ताई, मले एक गोष्ट खटकते. राधिका एवढी वर्षं शहरात राहिली, मोठी उद्योजिका झाली तरी "काहून" अन् "बाप्पा" सोडत नाही हे खरं वाटते का? माझे रूममेट मला पाहिलं की तिचे डायलॉग मारतात. मी ऑफिसात आता पूर्ण पुणेरी बोलतो. गेल्या महिन्यात मायनं फोन केला अन् मी तिच्याशीही तसंच बोललो, ते म्हणे "बरा आहेस ना रे बाबू, परका बोलून राह्यला". सिरीयलवाल्यांनी आपली भाषा हसण्यासाठी वापरली असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटते?

बाबू, थोडं तुझं खरं आहे आणि थोडं नाही. सुरुवातीच्या भागांत तिच्या बोलण्यावर विनोद होते, तिची भाबडेपणाशी सांगड घातली होती, ते मलाही आवडलं नव्हतं. बाई वऱ्हाडी बोलली की ती भोळीच असणार हे कोणी ठरवलं? आमच्या गावची सरपंच बाई अशीच बोलते आणि तिच्यापुढे ग्रामसेवक उभा राहतो. पण दुसरी बाजू बघ. ती भूमिका करणारी अनिता दाते नाशिकची, तिनं आपली बोली शिकून एवढी वर्षं निभावली, आणि ज्या बोलीची नवऱ्याला लाज वाटत होती त्याच बोलीत राधिका शेवटी त्याच्या कंपनीची मालकीण होऊन त्याला कामं सांगते. तिनं भाषा बदलली असती तर गुरुनाथचं म्हणणंच खरं ठरलं असतं ना, की दोष तिच्या गावठीपणात होता? नवरा बाहेर गेला तो त्याच्या मनानं गेला, राधिकेच्या "काहून"मुळे नाही. म्हणून तिनं ते सोडलं नाही हे मला पूर्ण पटतं.

आणखी एक सांगते. आधी टीव्हीचे प्रेक्षक मोजायचे ते फक्त शहरातले. प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था आली आणि ऑक्टोबर २०१५ पासून गावातलं टीव्ही पाहणंही मोजायला लागले. त्यानंतर वर्षभराच्या आत वऱ्हाडी बोलणारी नायिका रोज रात्री टीव्हीवर दिसली, मला यात योगायोग वाटत नाही. आपण मोजले गेलो म्हणून दिसलो.

मी स्वतः ट्रेनिंगला पश्चिम महाराष्ट्रात होते तेव्हा बाजारात भाजीवाल्याला म्हटलं "सांबार द्या दोन रुपयाचा". आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे तुला सांगायला नको. तो म्हणाला सांबार हॉटेलात मिळतो, इडलीसोबत, आणि मागं उभ्या असलेल्या माझ्याच वर्गातल्या मुली खळखळून हसल्या. त्यानंतर दोन वर्षं मी कोथिंबीरच म्हटलं. सुट्टीत घरी आल्यावरही तोंडातून कोथिंबीरच निघालं तेव्हा आजीनं चुलीपुढून वळून माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. तुझ्या मायचं वाक्य वाचलं अन् मला आजीचं ते पाहणं दिसलं.

रूममेटना सांग की मराठी गद्यातला पहिला ग्रंथ, लीळाचरित्र, आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला तेराव्या शतकात लिहिला गेला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्यामागं जे जुने ग्रंथ आहेत त्यातला हा एक मोठा. ऑफिसात कसं बोलायचं ते तू ठरव, कामाची भाषा वेगळी असू शकते. मायशी मात्र तिच्याच भाषेत बोल. तिनं फोनवर ओळखायला पाहिजे की हा माझाच पोरगा.

मूलवरून एक ताई: शनाया मधेच बदलली अन् पुन्हा जुनीच आली, असं का? आणि मले त्या पोरीचा एवढा राग येते की विचारू नका.

शनाया करणारी रसिका सुनील २०१८ मध्ये अमेरिकेत शिकायला गेली, म्हणून ईशा केसकर आली, मग २०२० मध्ये ईशानं तब्येतीच्या कारणानं मालिका सोडली आणि रसिका परत आली. आणि राग येतो तर येऊ द्या, पण अर्धा गुरुनाथसाठी राखून ठेवा. लग्नाच्या शपथा शनायानं नव्हत्या घेतल्या.

कळंब तालुक्यातून (जि. यवतमाळ) एक ताई, नाव न छापण्याच्या अटीवर:
माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, कर्जापायी गेले. तीन एकर शेत त्यांच्या नावानं, मुलगी बारावीत, मुलगा नववीत, सासूबाई माझ्याजवळच असतात. आम्ही दोघी रोज ‘आई कुठे काय करते’ पाहत होतो. अरुंधतीचं आशुतोषशी दुसरं लग्न लागलं त्या दिवशी सासूबाईंनी डोळे पुसले, म्हणे बरं झालं माय त्या बाईचं, किती सोसलं. आता मला एक स्थळ आलं आहे, चांगला माणूस आहे, त्यांची पत्नी वारली. सासूबाईंसमोर विषय निघाला तर म्हणाल्या, "ते टीव्हीतलं आहे." त्या दिवसापासून मी गप्प आहे. भावकीतले म्हणतात लग्न केलं तर शेतावरचा हक्क जाईल. खरं आहे का?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी शेताचं, कारण त्या भीतीनं माणूस नीट विचारच करू शकत नाही. शेत मिस्टरांच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, दोन्ही लेकरं आणि सासूबाई असे चौघं सारखे वारस आहात. तो वाटा मिस्टर गेले त्याच क्षणी तुमचा झाला आणि पूर्ण मालकीनं झाला, नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. लेकरांचे वाटेही लेकरांचेच राहतात. भावकी सांगते ते चूक आहे. पण सहा वर्षांत वारस नोंद झाली का ते पाहा. सातबारा काढा, त्यावर तुमचं नाव आहे का, लेकरं अज्ञान म्हणजे अठराच्या आतली आहेत तर त्यांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तुमचं नाव लागलं का. नसेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या आणि फेरफार होईपर्यंत मागं लागा. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावानं असेल तर मात्र गोष्ट वेगळी होते, मग वकिलालाच विचारा, तोही विधी सेवा समितीतून फुकट मिळतो.

आता सासूबाई. त्या अरुंधतीसाठी रडल्या ते खोटं नव्हतं. अरुंधतीची सासू कांचन आठवा, पोरानं पंचवीस वर्षांचा संसार मोडला तरी ती कितीतरी दिवस पोराचीच बाजू घेत राहिली. पण कांचनजवळ तिचे यजमान आप्पा होते, दोन पोरं होती, भरलेलं घर होतं. तुमच्या सासूबाईंजवळ तुम्ही आहात, बस. पोरगा गेला, आता सून गेली तर म्हातारपणी भाकर कोण देईल हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो त्यांना तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून "ते टीव्हीतलं आहे" म्हणाल्या. मला तरी त्यात नकारापेक्षा भीतीच जास्त दिसते.

म्हणून त्यांच्याशी लग्नाचं बोलू नका, आधी त्यांचंच बोला. त्या कुठे राहतील, तुमच्यासोबत येतील की इथंच, शेताचं उत्पन्न त्यांना किती, दवाखान्याचं कोण पाहील. हे सगळं त्या स्थळाच्या माणसासमोरही एकदा बोला, आणि तो काय म्हणतो यापेक्षा ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते पाहा, त्यावरून माणूस कळेल. मुलीलाही विचारा, बारावीतली पोर सगळं समजते, तिला बाजूला ठेवू नका. घाई नको, पण गप्पही राहू नका. सातबारा हातात आला की मला कळवा, आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही.