‘पीएचपी मॉड्यूल जीडी नाही’ असं नेक्स्टक्लाउड म्हणतं, पण मी तर टाकलंय!

ठाण्यातल्या तुमच्या सोसायटीची कागदपत्रं ठेवायला उबुंटू 24.04 वर नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचं, पीएचपी भाषेतलं सॉफ्टवेअर) बसवताय, ‘पीएचपी -एम’ या कमांडच्या यादीत जीडी (चित्रं हाताळणारं मॉड्यूल) दिसतंय, तरी ब्राउझरमध्ये एरर. गोम तिथेच आहे. ती कमांड टर्मिनलचं पीएचपी दाखवते. साइट चालवतं एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी वेगळी सेवा), आणि त्याचं व्हर्जन वेगळं असू शकतं.

पीएचपीइन्फोचं पान (साइटच्या पीएचपीची माहिती दाखवणारं) बनवून ब्राउझरमध्ये उघडा. वरच 8.2 दिसलं, तर कोडं सुटलं: नुसतं ‘पीएचपी-जीडी’ टाकलं की डीफॉल्ट व्हर्जनचं जीडी येतं, 8.2 चं नाही. ‘पीएचपी8.2-जीडी’ असं व्हर्जनसकट टाका. मग एफपीएम रीस्टार्ट करा. नुसता एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) रीस्टार्ट करून भागत नाही (बहुतेकांचं घोडं इथेच अडतं).

आणि ते इन्फोचं पान लगेच उडवा, सर्व्हरची सगळी कुंडली असते त्यात.