परदेशी लिलावातून शंभर वर्षांपूर्वीची वस्तू मागवायची असेल तर कस्टमला काय काय लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे: परदेशातल्या ऑनलाइन लिलावात एकोणिसाव्या शतकातली रोझवूडची लेखनपेटी आवडली आहे, झाकणावर आणि कुलपाभोवती हस्तिदंताचं काम आहे, आणि विकणारा म्हणतो, "शंभर वर्षं उलटली, त्यामुळे ड्यूटीही नाही आणि परवानगीही नाही." पुढेमागे एखादं लहानसं दगडी शिल्पही घ्यायचा तुमचा विचार आहे.

ड्यूटीबद्दल तो फार तर अर्धा बरोबर आहे. परवानगीबद्दल साफ चुकीचं सांगतोय. मी माल सोडवण्याच्या धंद्यात आहे, म्हणून मला हे वाक्य पाठ आहे. कोणत्या देशात आणणार ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा सगळीकडे सारखं चालतं ते सांगतो आणि जिथे फरक पडतो तिथे त्या देशाचं नाव घेतो.

शंभर वर्षांची मर्यादा येते ती एचएस कोडमधून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतून. जगातल्या जवळपास सगळ्या देशांचे कस्टम तक्ते याच कोडवर उभे आहेत. त्यात ९७०६ म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. २०२२ पासून त्याचेही दोन भाग झाले: अडीचशे वर्षांपलीकडच्या वस्तू वेगळ्या आणि बाकीच्या वेगळ्या. पण सगळंच जुनं ९७०६ मध्ये बसत नाही. हाताने काढलेलं चित्र दोनशे वर्षांचं असलं तरी ९७०१ मध्येच जातं, मूळ शिल्प ९७०३ मध्ये, संग्राह्य नाणी ९७०५ मध्ये. सुटी रत्नं कितीही जुनी असोत, ती रत्नांच्याच प्रकरणात. तुमची पेटी ९७०६ मध्ये बसेल. मध्यंतरी बिजागरी बदलली, आतला मखमली कपडा नवा घातला, याने बिघडत नाही, फक्त वस्तूचं मूळ रूप शाबूत हवं. जुन्या फळ्या वापरून नव्याने जुळवलेली पेटी मात्र जुनी ठरत नाही.

या कोडवर मूळ सीमाशुल्क बऱ्याच देशांत शून्य किंवा कमी असतं, पण त्यावरचा कर सुटत नाही. ब्रिटनमध्ये अशा वस्तूंवर आयात व्हॅट २० ऐवजी ५ टक्क्यांच्या हिशेबाने लागतो. म्हणजे सवलत आहे, माफी नाही. आणि सवलत हवी तर वय सिद्ध करणं तुमच्याकडे. 'अँटिक बॉक्स' एवढंच लिहिलेलं इन्व्हॉइस कुठलाच अधिकारी मानत नाही. अंदाजे कोणत्या दशकातली, कुठे बनली, कशाची बनली, मापं काय, हे बिलावरच छापून घ्या. सोबत जाणकाराचा सही केलेला दाखला आणि जवळून काढलेले फोटो: कोपऱ्यातले हाताने कापलेले सांधे, तळाची बाजू, कुलपावरचा शिक्का. कुलपावर बनवणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक सापडला तर फार उत्तम, कारण त्यावरून कित्येकदा काळ बऱ्यापैकी अचूक काढता येतो.

आता खरा अडथळा. तुमची पेटी अडली तर ती वयामुळे नाही, ज्या मालाची बनली आहे त्यामुळे अडेल. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि १८०हून अधिक देश त्यात आहेत. त्याला पेटी किती सुंदर आहे याच्याशी देणंघेणं नाही. झाकणावरचा हस्तिदंत त्यात येतो, कासवाच्या कवचाचं काम असेल तर तेही येतं. आणि लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे लाकूड! विकणारा नुसतं 'रोझवूड' लिहितो, पण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पेट्यांना बरेचदा ब्राझीलचं रोझवूड, डालबर्जिया नायग्रा, वापरलेलं असतं. ते १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. आपल्याकडची शिसवी त्याच कुळातली, पण सौम्य यादीत, आणि तिच्या तयार वस्तूंना हलक्या वजनापर्यंत सूट आहे. एकाच शब्दाखाली हे दोन वेगळे कायदे दडलेले असतात. शिंपल्याचं जडावकाम बहुधा निभावून जातं.

जुन्या वस्तूंसाठी वाट आहे. त्या जातीला करार लागू होण्याआधीच हा माल मिळवलेला होता, असं सांगणारं 'प्री-कन्व्हेन्शन' प्रमाणपत्र मिळतं. ते देतं निर्यात करणाऱ्या देशाचं साइट्स कार्यालय, आणि अर्ज विकणाऱ्याने करायचा असतो, तुम्ही नाही. मूळ प्रत मालाबरोबर यावी लागते. माल बंदरात पोचल्यावर 'आता काढून पाठवतो' म्हणून सहसा चालत नाही. काही देश शिवाय स्वतःचा आयात परवानाही मागतात. आणि काही ठिकाणी हे सगळं असूनही दार बंद: अमेरिकेत आफ्रिकी हत्तीचा दंत व्यापारासाठी आयात करता येत नाही, तो शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताच्या व्यवहारालाच बंदी आहे. त्यात मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ १९४७ पूर्वीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू, पण तीही नोंदणी करूनच.

म्हणून आधी तो हस्तिदंतच आहे का, हे बघून घ्या. कित्येक पेट्यांवर साधं हाड असतं आणि कॅटलॉगवाला सवयीने हस्तिदंत लिहून मोकळा होतो. भिंगातून हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेषा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. विकणाऱ्याकडून तेवढाच क्लोजअप मागवा. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वस्तूही खराब होते आणि पुरावाही मिळत नाही. हाड निघालं तर तसं जाणकाराकडून लेखी घ्या, कारण एक्स-रेवर पेटी बघणारा अधिकारी कॅटलॉगमधलंच वर्णन वाचणार आहे.

दगडी शिल्पाचं प्रकरण याहून अवघड. तिथे मालापेक्षा मालकी बघितली जाते: ही वस्तू मूळ देशातून कधी आणि कोणत्या कागदावर बाहेर पडली? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारानंतर हा प्रश्न टाळता येत नाही. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरावस्तू सरकारी मालकीच्या केल्या. भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंची खाजगी निर्यात बंद आहे, हस्तलिखितांना तर मर्यादा ७५ वर्षांची. युरोपियन युनियनमध्ये २८ जून २०२५ पासून नवे नियम पूर्ण लागू झाले. बाहेरच्या देशात घडलेली, अडीचशे वर्षांहून जुनी उत्खननातली वस्तू किंवा वास्तूचा तुकडा असेल तर किंमत काहीही असो, आधी आयात परवाना. दोनशे वर्षांवरच्या इतर काही प्रकारांना, किंमत १८ हजार युरो किंवा जास्त असेल तर, आयातदाराचं सही केलेलं निवेदन. मूळ देशातून वस्तू कायदेशीरपणे बाहेर पडली याचा पुरावा ठेवायचा तुम्ही. २४ एप्रिल १९७२, म्हणजे युनेस्को करार अमलात आला तो दिवस, त्याआधीच ती बाहेर आलेली असेल तर थोडी मोकळीक आहे. म्हणूनच लिलावाच्या वर्णनांत 'साठच्या दशकापासून खाजगी संग्रहात' हे वाक्य इतक्या वेळा भेटतं. त्या वाक्यामागे बिल, पत्र, जुना कॅटलॉग, विम्याचा कागद असं काही आहे का, ते विचारा.

कागद बनवताही येतात, हे न्यूयॉर्कच्या एका बड्या विक्रेत्याच्या खटल्यात जगाने पाहिलं. त्याच्या साथीदाराने इजिप्तमधल्या मूर्तींवर प्लास्टिकचा थर चढवून त्या स्वस्त स्मरणवस्तूंसारख्या दिसतील अशा केल्या आणि बाहेर काढल्या. मग १९२० च्या दशकातला एक संग्रह कल्पनेतून उभा केला आणि त्याची लेबलं चहाच्या पाण्याने जुनी केली. विक्रेत्याला २००२ मध्ये शिक्षा झाली. वर्णनच खोटं लिहिण्याचा नमुना हवा असेल तर हॉबी लॉबी कंपनीचा. इराककडच्या प्राचीन मातीच्या पाट्या 'सिरॅमिक टाइल्स' म्हणून अमेरिकेत आल्या, आणि २०१७ मध्ये हजारो वस्तू सोडून वर तीस लाख डॉलर भरायची पाळी आली. तुम्ही स्वतःपुरतं एवढं करा: इंटरपोलचं आयडी-आर्ट ॲप फुकट आहे, त्यात चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी फोटोवरून धुंडाळता येते. शोध घेतल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.

किंमत खरी लिहा. लिलावाचा हातोडा पडला तो आकडा म्हणजे मूल्य नव्हे. खरेदीदाराकडून घेतलेलं लिलावगृहाचं प्रीमियम त्यात सहसा मिळवलं जातं, आणि बऱ्याच देशांत वाहतूक व विमाही. 'गिफ्ट' लिहून थोडक्यात निभेल असं विकणाराच सुचवतो बघा! कर वाचतो थोडा, पण खोटं वर्णन एकदा सापडलं की मालाची जप्ती आणि दंड तुमच्या नावावर, त्याच्या नाही.

पॅकिंगचं थोडक्यात: खोका कच्च्या लाकडाचा असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंग कीडमुक्त ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. पेटीला वाळवी किंवा भुंगा लागल्याच्या खुणा असतील तर निघण्यापूर्वी धुरी देऊन प्रमाणपत्र घ्या, ऑस्ट्रेलियासारखे देश याबाबत फार कडक आहेत. सामानात घालून स्वतः आणणार असाल तर लाल चॅनलमधून जाऊन जाहीर करा. बॅगेतून आणल्याने साइट्सचा कागद माफ होईल असं धरून चालू नका.

बोली लावण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच मेल करा: लाकडाची नेमकी जात कोणती, पांढरं काम हाड की हस्तिदंत, निर्यात परवाना आणि प्री-कन्व्हेन्शन प्रमाणपत्र तू काढणार का, आणि ते नाकारलं गेलं तर पैसे परत मिळणार का. बहुतेक लिलावगृहांच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की परवाना नाकारला म्हणून विक्री रद्द होत नाही, तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखीच हवं. उत्तर गुळमुळीत आलं तर ही पेटी सोडा. अक्रोडाच्या लाकडाच्या, पितळी पट्ट्यांच्या त्याच काळातल्या लेखनपेट्या लिलावात येत असतात, आणि त्यांना यातलं निम्मंही लागत नाही.