पहिल्यांदाच हिवाळी सुट्टीत पाहुणे बोलावताय? एवढं सांभाळा

लांबलचक यादी करू नका. सगळ्यांची तब्येत सांभाळायला सुरुवातीला मोजक्याच गोष्टी पुरतात.

सगळ्यात आधी ऊब. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, निखारे राखेखाली गेले असले तरीही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस थकवा समजून पडून राहतो. असं झालं तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना बोलवा. विजेचा हीटर चालेल, पण पडदे-पांघरुणांपासून १ मीटर लांब आणि थेट भिंतीच्या सॉकेटला. एक्स्टेन्शन बोर्डला लावला की वायर तापते. नवख्यांची ही नेहमीची चूक.

मग अन्न:

- उरलेलं २ तासांच्या आत फ्रिजमध्ये. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, तिथे जंतू वाढतात. उथळ डब्यांत काढा.
- परत गरम करताना चांगली वाफ येऊ द्या.

हात साबणाने २० सेकंद. कुणी खोकत असेल तर खिडकी थोडी उघडी (कुरकुर होईल, होऊ दे).

फ्लूची लस घ्यायची तर निदान २ आठवडे आधी, आदल्या दिवशी नव्हे. व्यायाम-आहाराचं नंतर बघू.