आईला विचारलंस का?

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. नागपूरची बदली घ्यावी की आईसाठी साताऱ्यातच राहावं, हे तू मला विचारलंस, मैत्रिणींना विचारलंस, भावालाही विचारलंस. आईला विचारल्याचं मात्र पत्रात कुठेच नाही.

वडील गेल्यावर तू घर उभं ठेवलंस, धाकट्यांची शिक्षणं केलीस. आई कुणापाशी मन मोकळं करत असेल तर ती तुझ्यापाशीच. पण सांभाळता सांभाळता तिच्या वतीने ठरवायची सवय लागते गं. मागे दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी तिला विचारलं, "जिना चढताना दुखतं की उतरताना?" आणि उत्तर तू दिलंस. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून तिने काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. पुढच्या वेळी तिला बोलू दे. आधी शेजारणीच्या गुडघ्याचं सांगेल, मग स्वतःचं. सांगू दे.

पैशांचंही तेच. पेन्शन तिच्या नावावर येते, तर पासबुक तुझ्या कपाटात का? मृत्युपत्राचं तिने काढलं की "असलं अभद्र बोलू नकोस" म्हणून गप्प बसवू नकोस. साध्या कागदावरही ते करता येतं. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

तिची सत्तरी उलटली आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचं सरकारी आरोग्य कार्ड, काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. हे काम भावाकडे दे. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितलं. आईवडिलांना सांभाळण्याबद्दलच्या २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघंही आहेत. मग तो कसा सुटेल? तू मागितलं नाहीस, म्हणून त्याने केलं नाही, एवढंच.

आज रात्री जेवणं झाली की तिच्याजवळ बस आणि सरळ विचार. "जा" म्हणाली तर रडत जाऊ नकोस, तिला त्याचा त्रास होईल. "राहा" म्हणाली तर का ते ऐकून घे, आणि राहिलीस तर पुढे कधी तिला ते ऐकवू नकोस. आणि "मीही येते" म्हणाली, तर मला लगेच कळव. धरमपेठेत माझी मावसबहीण राहते, तळमजल्यावरच्या जागेचं तिला विचारून ठेवते.

तुझ्या
बाई